गाव साष्टीत, देव फोंड्यात, घर बार्देशात: कोमुनिदाद, गावकार, महाजन हे सगळं एकच का?

दुर्वा_म्हापसा:

नमस्कार मंडळी. माझं माहेर कुडाळ, लग्न होऊन म्हापशात आले, त्यामुळे गोव्यातल्या ह्या गोष्टी मला अर्ध्या कळतात अर्ध्या नाहीत, आणि घरात विचारलं की सगळे "आसा तें आसा गो" म्हणून विषय संपवतात. झालंय असं की सासऱ्यांच्या घराचे कागद बँकेत द्यायचे होते, तर वकील म्हणाले जागा कोमुनिदादची आहे, आफोरामेंतवर (म्हणजे कायमच्या खंडाने) घेतलेली, तिकडची एनओसी लागेल. मला वाटलं कोमुनिदाद म्हणजे काहीतरी सरकारी खातं. तर म्हणे नाही, ती इथल्या गावकारांची संस्था, तुम्ही काय तिचे गावकार नाही. मग आम्ही कुठले? सासरे म्हणाले आपण मूळचे वेर्ण्याचे, साष्टीतले. पण कुलदेवी म्हाळसा, ती म्हार्दोळला, फोंड्यात, आणि तिथे म्हणे आपण महाजन.

म्हणजे गाव एकीकडे, देव दुसरीकडे, घर तिसरीकडे. पोर्तुगिजांनी देवळं मोडली म्हणून देव हलवले एवढं कुणालाही माहीत असतं, पण हे सगळे फोंड्यातच का गेले? कोमुनिदाद पोर्तुगिजांनी काढली की आधीपासून होती? आणि गावकार नि महाजन हे एकच लोक का? कुणी जाणकार असेल तर जरा उलगडून सांगा. "गूगल कर" म्हणू नका, केलंय, डोकं आणखी फिरलं.

अंत्रुजी:

दुर्वाबाय, फोंड्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे आणि मी तिथलाच. नकाशा उघडा आणि जुवारी नदी बघा. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतलं ते फक्त तिसवाडी, म्हणजे जुनं गोवें आणि भोवतालची बेटं. बार्देश आणि साष्टी त्यांना आदिलशाहीकडून मिळाले १५४३ मध्ये, आणि तेव्हाच्या साष्टीत आजचा मुरगाव तालुकाही यायचा. जुवारीच्या अल्याड अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंडा, तो आदिलशहाकडेच राहिला. म्हणजे कुठ्ठाळीच्या माणसाला होडीत बसून नदी ओलांडली की दुसरं राज्य, दुसरा कायदा. मुसलमान राजवट असली तरी इथे देव ठेवायला कुणी अडवत नव्हतं, हे आजकाल सांगितलं की काही लोकांना आवडत नाही पण खरं ते खरं.

तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमाराला गेली. साष्टीवर खरा घाव पडला तो १५६७ मध्ये, रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगीश ह्याने गावोगाव देवळं जाळली. मधल्या काळात १५६० ला इंक्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं ते वेगळंच. तेवढ्या धामधुमीत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला, सांकवाळचा नृसिंह वेलिंगला, आणि तुमची वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नागेशी मात्र बाहेरून आलेला नाही हां, तो बांदिवड्याचाच, लोक सरसकट सगळ्यांनाच पाहुणे करून टाकतात.

आणि सगळेच फोंड्यात आले असंही नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीत नार्व्याला गेला, तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधवून घेतलं, आता २०२३ मध्ये सरकारने त्याचं काम परत केलंय, बघण्यासारखं आहे. मडगावचा दामोदर जांबावलीला. जिकडे पोर्तुगिजांचा हात पोचत नव्हता आणि एका रात्रीत पोचता येत होतं तिकडे जो तो गेला.

आज जी देवळं आपण बघतो, घुमट, समोर उंच दीपस्तंभ, ती मात्र त्या वेळची नव्हेत. तेव्हा झाप घालून, कुणाच्या तरी आवाठात, असंच काहीतरी असणार. बांधकामं पुढे अठराव्या शतकात झाली, पैसा आणि वजन साताऱ्याच्या नि पुण्याच्या दरबारातून आलं. कवळ्याचं देऊळ १७३८ च्या आसपासचं, शाहू महाराजांकडचे नारोराम मंत्री ह्यांच्यामुळे. मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळालं १७३९ मध्ये पेशव्यांकडून, रामचंद्र मल्हार सुखटणकर ह्यांनी शब्द टाकला म्हणून. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो त्यानंतर, १७६३ मध्ये, तोपर्यंत त्यांचीही ती जुनी धग उरली नव्हती आणि नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर घेतलेल्या मुलखात, देवळांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून ही देवळं वाचली. पण जुन्या काबिजादीत (तिसवाडी, बार्देश, साष्टी) पहिलं देऊळ उभारायची परवानगी मिळायला १८१८ साल उजाडलं, पणजीची महालक्ष्मी.

कोमुनिदादचं दुसरं कुणीतरी लिहा रे, तो माझा प्रांत नाही.

खाजनातला:

तो माझा प्रांत आहे, लिहितो :)

कोमुनिदाद पोर्तुगिजांनी काढली नाही. गावकरी, म्हणजे गावकारांची ही व्यवस्था, आधीपासून होती, त्यांनी तिला फक्त कागदावर आणलं आणि नाव दिलं. १५२६ मध्ये आफोंस मेशिया नावाच्या त्यांच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्याला फोराल म्हणतात. हौस म्हणून नाही लिहिलं, सारा वसूल करायचा होता म्हणून. गावाने मिळून ठरलेला सारा भरायचा, पीक येवो न येवो. इतकी सोयीची व्यवस्था आयती मिळाली तर कोण मोडेल? म्हणून शेतं, बांध, गावकारांच्या बैठका हे सगळं त्यांनी ठेवलं, फक्त त्याच्या मध्यावर जो देव होता तेवढा उचलून बाहेर काढला. देवाच्या नावाने काढून ठेवलेली शेतं होती, पुजारी, वाजंत्री, झाडलोट करणारे ह्या सगळ्यांचं पोट त्यावर होतं, ती जमीन चर्चकडे आणि पाद्रींच्या कॉलेजांकडे वळवली. दुर्वाताईंचं गाव-देव-जमीन फुटलं ते इथे.

आता ही संस्था करायची काय ते समजून घ्यायचं तर ऑफिसात नाही, खाजनात या. तिसवाडी, साष्टी, बार्देशातली नदीकाठची अर्धीअधिक भातशेती ही मुळात खारं पाणी अडवून काढलेली जमीन. चिखल, गवताचा पेंढा आणि चिरे घालून बांध, आणि बांधात मानस. मानस म्हणजे लाकडी फळ्यांची दारं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं की दारं आपसूक मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं की उघडतात, कुणी हात लावायला नको. पण फळी कुजली, कुर्ल्यांनी बांध पोखरला, तर एका भरतीत पाणी आत आणि मग दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. आमच्याकडे मानशेकार रात्री कंदील घेऊन बसायचा, ओहोटी लागली की दारापुढे जाळं, सुंगटं, शेवटे, कधी एखादं चणक. ह्या मासळीच्या हक्काचीसुद्धा पावणी (लिलाव) व्हायची आणि तो पैसा कोमुनिदादच्या पेटीत. शेतांची पावणी तीन वर्षांनी. आत पिकायचं ते कोरगुट, खारं सोसणारं भात. ह्याची पेज ज्याने खाल्ली नाही त्याला कशी सांगणार.

तर खर्च, सारा, बांधाची डागडुजी हे सगळं जाऊन जे उरेल ते गावकारांत वाटायचं, त्याला जोण म्हणतात. गावकार म्हणजे गावच्या मूळ वांगडांतला (घराण्यांतला), बापाच्या वंशाने. धर्म बदलला तरी गावकारपण सुटलं नाही, म्हणून साष्टीत आज बहुतेक गावकार ख्रिश्चन आहेत आणि आडनाव फर्नांडिस असलं तरी अमुक वांगडातला हे पक्कं माहीत असतं. ह्याचे नियम १९०४ च्या, मग १९३३ च्या आणि शेवटी १९६१ च्या कोडात आले, शेवटचा कोड तर डिसेंबरात राज्य गेलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये काढलाय, तोच अजून चालतो. तुमच्या घराची जागा आफोरामेंतवर म्हणजे कोमुनिदादने पडीक जमीन फोर (वर्षाचा खंड) घेऊन कायमची दिलेली. एनओसीला एस्क्रिव्हांवकडे (कोमुनिदादच्या कारकुनाकडे) जावं लागेल, सकाळी जा, दुपारचं कुणी भेटत नाही.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, मग १९७६ ला दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन. शेतं गेली, पावणी गेली, जोण नावापुरतं राहिलं. आणि बांध कुणी सांभाळायचे ते कागदावर कूळ संघटनांकडे आलं. निकाल डोळ्यांसमोर आहे, मानशीचे ठेके मासळीवाल्यांच्या हातात, आत खारं पाणी मुद्दाम घेतात, जिथे भात होतं तिथे आता कांदळ वाढलंय.

सांगेकार_गावडो:

खाजनातला बाब, मानशीचं छान लिहिलंत, पण शेवटचा पॅरा वाचून राहवलं नाही. कूळ कायद्याने खाजन बुडालं हे गावकारांच्या बाजूचं गाणं आहे. चिखलात उतरून बांध घालायचा कोण? गावकार? जोण घ्यायला गावकार आणि पेंढा-चिखल डोक्यावर वाहायला गावडे-कुणबी, हे कुठल्या फोरालात लिहिलंय ते दाखवा. आमच्यात पहिल्यापासून हेच म्हणतात की ही जमीन काढली आम्ही आणि वांगडात नावं लागली दुसऱ्यांची. कसणाऱ्याच्या नावावर चार चिरे जमीन झाली ती त्या कायद्यामुळे, आणि राहत्या खोपटातून उद्या उठ म्हणायचा भाटकाराचा (जमीनमालकाचा) हक्क गेला तो १९७५ च्या मुंडकार कायद्यामुळे. बांध फुटतात कारण लक्ष देणारा नाही, पैसा नाही, आणि मासळीत नफा जास्त. ह्यात कुळाचा काय दोष.

आणि दुर्वाताई, देवाच्या गोष्टीत फक्त मोठ्या देवळांचाच हिशेब मांडला जातो म्हणून सांगतो. आमचा मांड कुणी हलवला नाही, कारण हलवण्यासारखं काही नव्हतंच, अंगणाएवढी जागा, एक दिवा, तिथेच धालो हा बायकांचा नाच-गाण्यांचा सण, तिथेच शिगमो. गावड्यांतले बरेच ख्रिश्चन झाले, १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी केली तेव्हा हजारोंनी परत हिंदू झाले, त्यांना नव-हिंदू गावडे म्हणू लागले. त्यामुळे एकाच वाड्यावर एक चुलतभाऊ चर्चमध्ये, एक देवळात, आणि मांडावर दोघंही. गावडा, कुणबी, वेळीप ह्यांना अनुसूचित जमातीत घेतलं ते २००३ मध्ये, तेही किती वर्षं मागून. गोव्याच्या संस्थांचा इतिहास लिहायचा तर हा पण लिहा.

खाजनातला:

मुद्दा मान्य आहे बाबा, राबणारे कोण ह्यावर माझा वाद नाही. पण सामूहिक जबाबदारी गेली आणि तिच्या जागी काही उभं राहिलं नाही एवढंच माझं म्हणणं. आधी बांध फुटला तर भौसाची (बांध राखणाऱ्या शेतकरी मंडळाची) माणसं रात्री धावायची, कूळ असो की गावकार, भौसात न येणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. आता पंचायत म्हणते शेतकी खात्याला विचारा, शेतकी खातं म्हणतं संघटनेला विचारा.

दुर्वा_म्हापसा:

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर मानशीच्या मासळीवर अर्धा तास बोलत बसले, देवाचं राहिलंच. पण माझा एक प्रश्न अजून आहे. मग आम्ही वेर्ण्याचे गावकार आहोत का? म्हार्दोळला महाजन असलो म्हणजे वेर्ण्याच्या कोमुनिदादीत आपोआप नाव असतं का?

अंत्रुजी:

आपोआप नाही. देव घेऊन निघालेल्यांनी गाव सोडलं, तिकडचे बहुतेकांचे हक्क तिथेच संपले, काहींचे राहिले असतील तर ते कोमुनिदादच्या पुस्तकात बघावं लागेल. इकडे देवाभोवती जी घराणी परत गोळा झाली, ज्यांनी पूजेचा, उत्सवाचा खर्च उचलला, ते महाजन. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये ह्या देवस्थानांसाठी कायदा केला, मग १९३३ मध्ये नवा, तोच अजून लागू आहे. महाजनांच्या ह्या संस्थेला माझानिया म्हणतात. प्रत्येक देवस्थानाचा महाजनांचा कातालोग (यादी) असतो, त्यात नाव असलं तर मत, तीन वर्षांनी निवडणूक, अध्यक्ष, मुखत्यार, चिटणीस, खजिनदार, आणि वरून देखरेख मामलेदाराची. देवाच्या कारभारात मामलेदार कसा काय हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं, इथे दीडशे वर्षं होत आली, कुणाला काही वाटत नाही. भांडणं झाली की आधी मामलेदार, मग कोर्ट, आणि भांडणं होतातच, पालखी कुणी धरायची ह्यावरूनसुद्धा.

इथे पण सांगेकारांचा मुद्दा लागतोच म्हणा. महाजनकी पण बापाकडूनच. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या देवळात गायन केलं, दिवे लावले, त्या देवळी समाजाला कातालोगात जागा नव्हती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर त्याच समाजातले, हे नुसतं आठवण म्हणून.

वेर्ण्याला जुन्या जागी अलीकडे म्हाळसेचं देऊळ परत उभं राहिलंय, सासऱ्यांना एकदा घेऊन जा, म्हार्दोळ केल्यावर गाडीने फार लांब नाही.

कुंकळेकार:

उशिरा बघितला धागा, पण साष्टीतल्या कुंकळ्ळीचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणजे कमालच. दुर्वाबाय, गाव, देव नि जमीन हे तिन्ही एकाच गावात कसं फुटलं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या.

कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा ही पाच गावं, सगळी क्षत्रिय गावकारांची, साळ नदीच्या काठाला, शेती भरपूर. १५६७ नंतर देवळं मोडली तरी हे लोक वाकेनात, सारा देईनात. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुईट पाद्री कुंकळ्ळीला आले, मोडलेल्या देवळाच्या जागेच्या आसपास क्रूस नि चर्चची जागा पक्की करायला. त्यांत रोदोल्फो आक्वाव्हिव्हा होता, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता, म्हणजे फत्तेपूर सिक्रीला बादशहाशी वाद घालून जिवंत आला आणि कुंकळ्ळीला गेला. गावकऱ्यांनी पाचही जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना मारलं. मग पोर्तुगिजांनी बोलणी करू म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि आत घेऊन कापलं. एक जण साळ नदीत उडी घालून निसटला असं आमच्याकडे सांगतात. त्या पाद्रींना १८९३ मध्ये रोमने धन्य घोषित केलं. आमच्या नायकांचं स्मारक व्हायला मुक्तीनंतरही कित्येक वर्षं जावी लागली, तेवढ्यावरून काय ते समजा.

आता मुख्य गोष्ट. इतर गावांत त्यांनी देव काढला आणि गावकरी ठेवली, खाजनातला बाबने लिहिलंय ते बरोबर. कुंकळ्ळीत शिक्षा म्हणून गावकरीच काढून घेतली. पाचही गावांच्या जमिनी जप्त करून खासगी माणसाला दिल्या, पुढे त्या पोर्तुगालच्या एका सरदार घराण्याकडे गेल्या, आणि गावकार आपल्याच शेतात कुळं होऊन बसले. म्हणजे देवी पण गेली, शेत पण गेलं. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण तेव्हा फातर्प्याला गेली, केप्यात, ती अजून तिथेच.

पण वांगडं राहिली की. बारा वांगडांची बारा छत्र्या, सांत्र्यो म्हणतात, फाल्गुन शुद्ध पंचमीला देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, पुढे ढोल-ताशे, गुलालाने रस्ता लाल, आणि प्रत्येक वांगडाचा माणूस आपली छत्री घेऊन. छत्री म्हणजे आपली पावसातली नव्हे, उंच दांड्याची, जड, वाऱ्याला आवरता आवरता हात भरून येतात, वाटेत खांदेपालट करायला घरचीच पोरं लागतात, परक्याच्या हातात कुणी देत नाही. ख्रिश्चन गावकार पण येतात, वांगड एकच ना. जमीन नाही, जोण नाही, कोमुनिदादचं ऑफिस नाही, तरी कुणाची छत्री कुठल्या क्रमाने चालणार ह्यात एका पावलाचा फरक कुणी खपवून घेत नाही. सांगेकार बाबांना पटेल न पटेल, पण मला गावकरी म्हणजे काय ते फोराल वाचून नाही कळलं, त्या मिरवणुकीत कळलं.

सांगेकार_गावडो:

कुंकळ्ळीचं पटतं हो, तिथे गावकारांनी पण मार खाल्लाय. बारा वांगडांच्या बाहेरचे त्या दिवशी कुठे असतात ते पण एकदा लिहा, ढोल वाजवणारा कुठल्या वांगडाचा असतो?

कुंकळेकार:

वांगडाचा नसतो, खरं आहे. लिहीन त्यावर, वेगळा धागा काढतो, इथे दुर्वाबायचं एनओसी राहील बाजूला.

दुर्वाबाय, छत्र्या बघायला यायचं असेल तर पंचमीला सकाळी लवकर या, गाडी बाजारात आणू नका, रस्ता बंद असतो, अलीकडेच कुठेतरी लावून चालत या. पांढरे कपडे घालू नका, गुलाल जात नाही. आणि फातर्प्याला दोन देवळं आहेत हां जवळजवळ, फातर्पेकरीण वेगळी, कुंकळ्ळीकरीण वेगळी, बाहेरचे लोक पहिल्याच देवळात ओटी भरून परत जातात.

दुर्वा_म्हापसा:

नक्की येते. सासरे म्हणतायत आधी वेर्णे, मग म्हार्दोळ, मग कुंकळ्ळी, आणि येताना कुठे कोरगुट मिळत असेल तर ते. खाजनातला दादा, कुठे मिळेल ते सांगाल का? बँकेचे कागद मात्र अजून तिथेच अडकलेत, एस्क्रिव्हांव रजेवर आहेत.

खाजनातला:

पणजीच्या मार्केटात कधी कधी बायका आणतात, पण उकडं बघून घ्या. नाहीतर दिवाळीनंतर मला इथेच मेसेज करा, आमच्याकडे मळणी झाली की थोडं बाजूला काढून ठेवतो.